अंगणवाडीचा हिशेब : थाळी मोजली, शिकवणे राहिले

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि त्याबरोबर माढा तालुक्याचे रूपही पालटते. बीड, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या तालुक्यात उतरतात. कारखान्यांच्या तळांवर आणि फडांच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत नवराबायकोचा ‘कोयता’ फडात शिरतो, तेव्हा त्यांचे तीन-चार वर्षांचे मूल एक तर कोपीत थोरल्या बहिणीच्या हवाली असते, नाही तर बांधावर मोळ्यांच्या आडोशाला निजलेले असते. तेथून कोसभर अंतरावरच्या गावात त्याच वयाचे दुसरे मूल थोड्या वेळाने अंगणवाडीत येऊन बसते. त्याला गरम आहार मिळतो, त्याचे वजन घेतले जाते, त्याच्या लसीकरणाची नोंद होते. मात्र त्याच्याशी बोलणारे, त्याला गोष्ट सांगणारे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे मोठे माणूस दिवसातून किती वेळ त्याच्या वाट्याला येते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

पहिले मूल वर्षातील सहा महिने शासनाच्या हिशेबातून निसटते. दुसरे मूल हिशेबात आहे, पण ते एक थाळी म्हणून. पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी शासनाने पैसा किती आणि कसा द्यावा, या प्रश्नाचा विचार या दोन मुलांपासून सुरू झाला पाहिजे. दिल्लीतील किंवा मुंबईतील तरतुदीच्या आकड्यापासून सुरू होणारा विचार बहुधा त्या आकड्यापाशीच संपतो.

मूळ कल्पना कोणती होती?

‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याचा जन्म महाराष्ट्रात झाला, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शहरी मध्यमवर्गाच्या पलीकडे बालशिक्षण न्यावे, या हेतूने ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे कार्य आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे ध्यानी आल्यावर या दोघींनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या सान्निध्यात स्थिरावले. मुलांना न्हाऊमाखू घालणे आणि खाऊ देणे हा त्या कामाचा भाग होताच, परंतु त्याचा गाभा शिक्षणाचा होता. गाणी, गोष्टी, खडे, पाने, बिया, शंख-शिंपले यांच्या साहाय्याने मुलाची भाषा, हात आणि बुद्धी जागी करणे हे तेथील नित्याचे काम होते.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथून तिचा आरंभ झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात होत्या. अवर्षण आणि उपासमार यांनी ग्रासलेल्या त्या दशकात आहाराला अग्रक्रम मिळाला, यात गैर काहीच नव्हते. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील माणसांनी खडी फोडून दिवस काढले होते. आधी पोट आणि मग पाटी, हा क्रम त्या काळाला साजेसाच होता. परंतु पन्नास वर्षांनंतरही तोच क्रम कायम आहे. सहा सेवांपैकी शेवटची सेवा कागदावर शेवटी राहिली आणि प्रत्यक्षातही शेवटीच राहिली.

आठ रुपये आणि अर्धा रुपया

केंद्राच्या खर्चाच्या निकषांकडे पाहिले म्हणजे हे उघड होते. २०१७ मध्ये ठरलेल्या निकषाप्रमाणे पूरक आहारासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये धरण्यात आले. वर्षातील ३०० दिवसांचा हिशेब केला, तर सर्वसाधारण मुलामागे ही रक्कम २,४०० रुपये होते. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या साहित्यासाठी मात्र संपूर्ण अंगणवाडीला वर्षाला ५,००० रुपये. अंगणवाडीत तीस मुले धरली, तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १६७ रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ५५ पैसे येतात. आठ रुपयांत मुलाला पोटभर सकस अन्न द्यावे आणि अर्ध्या रुपयात त्याचे चित्र, चेंडू, ठोकळे, खडू, पुस्तक भागवावे, असा हा हिशेब आहे. यातील आठ रुपयेही अपुरेच आहेत. तेव्हा थाळीतून काढून खेळण्याला द्यावे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न इतकाच आहे की, शिक्षणाचा खर्च म्हणून वेगळे आणि ठसठशीत असे काही या मांडणीत दिसतच नाही.

साहित्याचा खर्च म्हणजे शिक्षणाचा सारा खर्च नव्हे, सेविकेचे मानधनही त्यात धरले पाहिजे, असा आक्षेप येऊ शकेल. तो रास्त आहे. महाराष्ट्रातील सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून प्रदीर्घ संप केला आणि त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने त्यांचे मानधन १३,००० रुपयांपर्यंत नेले. केंद्राचा निकष २०१८ मध्ये ठरलेल्या ४,५०० रुपयांचा असून त्यातील साठ टक्के भार केंद्र उचलते. उरलेला सारा बोजा राज्याचा आहे. परंतु या मानधनात सेविकेने काय काय करावयाचे? गरोदर व स्तनदा मातांच्या घरी जायचे, वजन-उंची घ्यायची, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करायची, घरपोच आहार वाटायचा, मोबाइलवर नोंदी भरायच्या, नाना सर्वेक्षणे करायची, आणि या सर्वांतून जो वेळ उरेल त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचे. मदतनीस स्वयंपाक, झाडलोट आणि मुलांना घरून आणणे यांत गुंतलेली. अशा स्थितीत शिकवण्याचा वेळ कमी पडला, तर दोष सेविकेला देणे अन्यायाचे ठरेल. तो वेळ मुळात विकत घेतलेलाच नाही.

केंद्रीय अंदाजपत्रकातील तरतुदीचा कलही बोलका आहे. ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या शीर्षाखाली २०२१-२२ मध्ये २०,१०५ कोटी रुपये ठेवण्यात आले होते. २०२५-२६ मध्ये ही तरतूद २१,९६० कोटी झाली. चार वर्षांत वाढ नऊ टक्क्यांच्या आसपास. त्याच काळात डाळ, तेल, भाजी आणि इंधन यांचे भाव कसे चढले, हे घरोघर ठाऊक आहे. म्हणजे रुपयांत तरतूद वाढली, तरी वस्तूंत ती घटली. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्याने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे, असे उद्दिष्ट घातले. ‘पोषणही आणि शिक्षणही’ अशी घोषणा करून केंद्राने मे २०२३ मध्ये सेविकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रमही हाती घेतला. महाराष्ट्राने त्याआधीच ‘आकार’ नावाचा बालशिक्षणक्रम स्वीकारला होता. धोरण आहे, अभ्यासक्रम आहे, प्रशिक्षण आहे. ते वापरण्यासाठी लागणारे मोकळे हात मात्र नाहीत.

अन्न हवेच, पण अन्न पुरेसे नाही

आधी कुपोषण संपवू, शिक्षणाचे पुढे पाहू, असे म्हणणाऱ्यांनी दोन प्रयोगांचा अभ्यास करावा. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुरटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग झाला. काही बालकांना पूरक अन्न देण्यात आले. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई, आईला मुलाशी बोलायला आणि खेळायला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले, तर काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी ही मुले कमावती झाली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ आणि बोलणे पोहोचले होते त्यांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्के अधिक असल्याचे आढळले. नुसत्या पूरक अन्नाचा कमाईवर असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

दुसरा प्रयोग अधिक जवळचा आहे. तामिळनाडूतील चार जिल्ह्यांत ६४० अंगणवाड्या घेऊन त्यांपैकी निम्म्या अंगणवाड्यांत केवळ बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती नेमण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासात असे दिसून आले की, त्या अंगणवाड्यांतील शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांची भाषा व गणिताची समज वाढली. इतकेच नव्हे, तर मूळ सेविकेला आहार व आरोग्याकडे पाहण्यास सवड मिळाल्यामुळे खुरटलेपण आणि तीव्र कुपोषणही घटले. या खर्चाचा दीर्घकालीन लाभ खर्चाच्या तेरा ते एकवीस पट होईल, असा त्यांचा अंदाज आहे. पोट की पाटी, हा वादच या प्रयोगाने निकालात काढला आहे. शिकवण्यासाठी दुसरे माणूस दिले की, पोषणही सुधारते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. अशा राज्याला या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

माढ्याचा आराखडा कसा असावा?

आता हा सर्व विचार माढा तालुक्याच्या पातळीवर आणून पाहू. येथील तहसील कचेरी माढ्यात, तर पंचायत समिती कुर्डुवाडीत. कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव, टेंभुर्णी हे महामार्गावरचे औद्योगिक गाव. पश्चिमेला भीमा व उजनीचा जलाशय आणि पूर्वेला सीना. पाणी आले तसा ऊस वाढला आणि शेतकरी कुटुंबे गावठाण सोडून शिवारातील वस्त्यांवर राहू लागली. अशा तालुक्यात तीन वर्षांचे मूल दीड-दोन किलोमीटर चालून येईल, हे गृहीतच धरता येत नाही. पूर्वप्राथमिक वर्ग सरसकट जिल्हा परिषद शाळांना जोडावेत, अशी सूचना अधूनमधून होते. शाळेच्या आवारात खोली असेल आणि मुले जवळची असतील, तेथे ती जरूर अमलात आणावी. परंतु वस्तीवरील अंगणवाडी बंद करून तसे करणे म्हणजे बोर्डीच्या उलट दिशेने चालणे होय.

आराखड्याचा पहिला घटक प्रत्येक अंगणवाडीत केवळ शिक्षणासाठी एक अर्धवेळ बालशिक्षिका हा असावा. तिला महिना ६,००० रुपये मानधन धरले, तर एका अंगणवाडीमागे वर्षाला ७२,००० रुपये लागतील. तालुक्यात तीनशे अंगणवाड्या धरल्या, तर खर्च २ कोटी १६ लाखांवर जातो. साऱ्या महाराष्ट्रातील सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांसाठी ही रक्कम ८०० कोटींच्या आत राहते. २०२५-२६ मधील राज्याच्या सात लाख कोटींच्या अंदाजपत्रकात हजार रुपयांमागे सव्वा रुपयाहूनही हे कमीच आहे. बारावी किंवा पदवीपर्यंत शिकून घरी बसलेल्या सुना-मुली गावोगाव आहेत. त्यांना गावातच काम मिळेल, हा लाभ वेगळा. मात्र हा खर्च स्थानिक संस्थांच्या माथी मारता कामा नये. तो नियमित स्वरूपाचा असल्याने केंद्राने व राज्यानेच उचलला पाहिजे.

दुसरा घटक जागेचा आणि साहित्याचा. येथे स्थानिक निधीला वाव आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा दंडक आहे. ही रक्कम बहुधा शिलाई यंत्रे, सायकली, एखादे शिबिर अशी फुटकळ वाटली जाते. तीच तीन वर्षांच्या नेमक्या आराखड्याने खर्च झाली, तर प्रत्येक अंगणवाडीला पाणी, लहान मुलांच्या मापाचे शौचालय, ऊन-पावसापासून आडोसा आणि खेळाचे साहित्य देणे अशक्य नाही. इमारतीसाठी रोजगार हमीची सांगड घालून १२ लाख रुपयांचा नमुना केंद्राने २०२२ मध्ये ठरविला होता. त्यातील अंगणवाडीच्या वाट्याचे आणि रोजगार हमीच्या वाट्याचे पैसे वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या वेळी येत. यातून घ्यावयाचा धडा असा की, निधी जोडण्याचे काम गावावर टाकू नये. ते पंचायत समितीत, एकाच टेबलावर व्हावे.

कोपीतल्या मुलाचा वाटा

आराखड्याचा तिसरा घटक सर्वांत अवघड आहे. तो कारखान्याच्या तळावरील मुलांचा. पोषण ट्रॅकर या प्रणालीत स्थलांतरित कुटुंबाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे नेण्याची सोय आहे. पण नोंद हलली म्हणून मूल अंगणवाडीत पोहोचत नाही. तळ गावाबाहेर असतो, फड रोज बदलतो, आईबाप अंधारात निघून अंधारात परततात. तेव्हा या मुलांसाठी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चालणारे पाळणाघर आणि त्यातच बालवर्ग, अशी हंगामी व्यवस्था तळावरच हवी. रोजगार हमीच्या कामावर मुलांना सांभाळण्याची सोय असावी, हे तत्त्व महाराष्ट्राने फार पूर्वी मान्य केले. उसाच्या फडाला ते का लागू पडू नये?

पैसा नाही, हे उत्तर येथे चालणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाकडे कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच रक्कम राज्याने घालावी, असे ठरलेले आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यामागे ही एकत्रित रक्कम दोन कोटी रुपये होते. माढा तालुक्यात पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्यासारखे मोठे कारखाने आहेत. या निधीचा ठरावीक हिस्सा सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवला, तर प्रत्येक तळावर हंगामी पाळणाघर उभे करणे कठीण नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तिचीही जोड घेता येईल. महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे, कारखाने सहकार आणि साखर आयुक्तांकडे, अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, लसीकरण आरोग्याकडे आणि साखरशाळेचा प्रश्न शिक्षणाकडे. यात कोपीतले मूल कोणाचे, हे मात्र ठरलेले नाही. गाळप हंगामापूर्वी या सर्वांची एक बैठक घेऊन ते ठरविणे, ही आराखड्याची पहिली कसोटी होय.

हक्क की सवड मिळाल्यास सोय?

या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी कायद्यातील एक उणीव आहे. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. सहा वर्षांखालील मुले मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. त्यांच्यासाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’, एवढेच म्हटले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील ११ व्या कलमानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासनाच्या इच्छेवर सोडली. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर नेण्याचा आदेश दिला आणि जेथे सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत अशा वस्तीला मागणीनुसार तीन महिन्यांत अंगणवाडी देण्यास सांगितले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. न्यायालयांनी इमारतीचा आणि कामगाराचा हक्क असा पुढे नेला. मुलाच्या शिकण्याच्या वेळेचा हक्क अद्याप कोणी मांडलेला नाही. तो मांडावयाचा असेल, तर अंदाजपत्रकात पूर्वप्राथमिक शिक्षणाचे स्वतंत्र शीर्ष हवे आणि त्यापुढे मुलागणिक खर्च व शिकवण्याचे तास छापले गेले पाहिजेत.

जे पालक पैसे मोजू शकतात, त्यांनी या वयाचे मोल केव्हाच ओळखले आहे. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब येथील इंग्रजी बालवर्गांकडे सकाळी निघणाऱ्या गाड्या त्याची साक्ष देतात. तेथे चार वर्षांच्या मुलाकडून अक्षरे घोटून घेतली जातात, ते खरे बालशिक्षण आहे काय, हा वेगळा प्रश्न. पण पालकांच्या ओढीची टिंगल करण्याऐवजी अंगणवाडी त्या ओढीला पात्र करणे हे शासनाचे काम आहे. ते झाले नाही, तर अंगणवाडी ही ज्यांना दुसरा इलाज नाही अशांचीच जागा उरेल. ज्या सेवेत केवळ गरिबांचीच मुले असतात, तिच्याकडे पुढाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे लक्षही हळूहळू कमी होत जाते.

माढ्याला गुंतवणुकीची भाषा शिकवावी लागत नाही. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कालवे आणि सीना-माढा उपसा सिंचन योजना यांसाठी त्यानंतरही वर्षानुवर्षे सार्वजनिक पैसा ओतला गेला. शिवारात ऊस उभा राहीपर्यंत धीर धरण्यास कोणी कुरकुर केली नाही, कारण पाणी आले की काय होते, हे प्रत्येकाला दिसत होते. मुलाच्या पहिल्या सहा वर्षांतील खर्चाचे फळ असे डोळ्यांसमोर उगवत नाही. ते वीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या कारकिर्दीत हाती येते. म्हणूनच तो खर्च पुढच्या वर्षावर ढकलणे सोपे जाते. पुढच्या हंगामात पुन्हा कोप्या उभ्या राहतील आणि गावोगावच्या अंगणवाड्याही उघडतील. तोपर्यंत कुर्डुवाडीच्या पंचायत समितीने आपल्या तालुक्यातील सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची, गावातल्या आणि कोपीतल्या, एक यादी करावी आणि त्या यादीतील प्रत्येक नावापुढे आहाराबरोबरच शिकण्याचे तास लिहावेत. राज्याकडे पैसा मागण्याचा खरा अधिकार त्या यादीनेच मिळेल.